रिचार्जची गोष्ट : करार नसलेल्या फोनचा तीस वर्षांचा हिशेब



बचत गटाच्या बैठकीत हल्ली हप्ता आणि कर्ज यांच्या जोडीला एक प्रश्न हमखास निघतो. "ताई, कोणत्या कंपनीचं कार्ड घेऊ? स्वस्त कुठलं पडेल?" याचं एका वाक्यात उत्तर देणं अवघड आहे. आज सांगितलेला दर पुढच्या दिवाळीपर्यंत टिकेलच असं नाही. पण हे रिचार्ज आलं कुठून, ही २८ दिवसांची मुदत आपल्या मागे कशी लागली, हे समजलं तर आपली निवड आपल्यालाच करता येते. म्हणून आज प्लॅनची यादी न सांगता थोडा इतिहास सांगते.

मोबाइल येण्याआधीचा काळ आठवा. बाजारपेठेत, एस.टी. स्टँडजवळ पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ असायचे. घरी फोन घ्यायचा तर अर्ज करा, अनामत भरा, वर्षानुवर्षं प्रतीक्षा यादीत थांबा, आणि फोन आला की बिल भरत राहा. बूथवर यातलं काहीच नव्हतं. समोरच्या यंत्रावर लाल आकडे पळायचे, बोलून झालं की कागदाची पट्टी निघायची, तेवढे पैसे द्यायचे आणि घरी यायचं. रात्री अकरानंतर पाव दर लागायचा, म्हणून मुंबईला कामाला गेलेल्या माणसाशी बोलायला बाया उशिरा बूथवर जायच्या. कागदपत्र नाही, बिल नाही, बांधिलकी नाही. करार नसलेला फोन आपल्याकडे पहिल्यांदा भेटला तो या बूथमध्ये.

भारतातला पहिला मोबाइल कॉल झाला ३१ जुलै १९९५ रोजी. पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन केला. त्या काळी मोबाइलवर बोलायला मिनिटाला आठ रुपयांच्या पुढे आणि गर्दीच्या वेळी सोळा रुपयांच्या पुढे दर लागू शकत होता. शिवाय आलेला फोन उचलला तरी पैसे कटायचे. म्हणजे आपली खुशाली विचारायला कुणी फोन केला, तर त्याचाही खर्च आपल्यालाच! वर अनामत, महिन्याचं भाडं आणि पत्त्याचा पुरावा. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला, रोजंदारीवर जाणाऱ्याला हा फोन मिळणार कसा?

यावर तोडगा निघाला तो प्रीपेडचा. पोर्तुगालमध्ये १९९५ सालीच 'मिमो' नावाचं प्रीपेड कार्ड निघालं होतं. हळूहळू ती पद्धत जगभर पसरली आणि आपल्याकडेही आली. पैसे आधी भरा आणि तेवढंच बोला. कंपनीला उधारी बुडण्याची भीती नाही, त्यामुळे तिला आपली पगाराची चिठ्ठी नको. आपल्याला बिलाची धास्ती नाही.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. किराणा दुकानात वहीवर उधारी चालते, तेव्हा दुकानदार आपल्यावर विश्वास टाकतो. प्रीपेडमध्ये हे उलटं होतं. आपण कंपनीला आगाऊ पैसे देतो, म्हणजे विश्वास आपण टाकतो. आणि या आगाऊ पैशाला पहिल्यापासून मुदत होती. कार्डात बोलायचे पैसे शिल्लक असले तरी 'व्हॅलिडिटी' संपली की ते उपयोगाचे नसत. करार नव्हता, पण घड्याळ होतं. पुढचा सगळा इतिहास या घड्याळाचा आहे.

ऑक्टोबर २००२ मध्ये सरकारी बीएसएनएल मोबाइल सेवेत उतरली आणि त्याच वर्षी २८ डिसेंबरला रिलायन्स इन्फोकॉम आली. स्पर्धा वाढली, दर कोसळले. १ मे २००३ पासून इनकमिंग फुकट झालं. ज्यानं फोन केला त्यानं पैसे द्यायचे, असा नियम लागला. ही तारीख मला फार महत्त्वाची वाटते, कारण आपल्या बायकांच्या हातात मोबाइल टिकला तो या नियमामुळे. खात्यात शून्य रुपये असले तरी फोन वाजत होता. माहेरची खबर कळत होती.

त्याच २००३ साली रिलायन्सने 'मान्सून हंगामा' योजना काढली. सुरुवातीला ५०१ रुपये भरून हँडसेट घरी न्यायचा आणि मग दर महिन्याला ठरलेली रक्कम भरत राहायची. फोन घेण्यासाठी झुंबड उडाली. पण पुढे अनेकांनी पैसे भरणं सोडून दिलं आणि थकबाकीचा फटका कंपनीलाच बसला. दर महिन्याला ठरलेल्या तारखेला पैसे हातात असतीलच, असं ज्या देशातल्या बहुतेक घरांत सांगता येत नाही, तिथे बांधून घेणारा फोन चालणं कठीण होतं. आज भारतातल्या बहुतेक जोडण्या प्रीपेड आहेत.

पुढे शाम्पूच्या पुडीसारखं दहा रुपयांचं छोटं रिचार्ज आलं. ते पानटपरीवर मिळायचं, किराणा दुकानात मिळायचं. नोकियाचा ११०० हा बॅटरीवाला साधा फोन घराघरांत आला, वीज गेली की त्याच्याच उजेडात भाकरी थापली जायची. मिस्ड कॉलची भाषाही याच काळातली. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे तू फोन कर. जिथे एक रुपया वाचवायचा तिथे माणसं अशी वाट काढतात.

डिसेंबर २००५ मध्ये 'लाइफटाइम' कार्डं आली. एअरटेलचं ९९९ रुपयांना होतं. एकदा पैसे भरा, इनकमिंग आयुष्यभर चालू. पण आयुष्यभर म्हणजे कुणाचं आयुष्य? ट्रायने, म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, पुढे स्पष्ट केलं की इथे आयुष्य म्हणजे कंपनीच्या परवान्याचं आयुष्य. तो परवाना कधी संपतो, हे ग्राहकाला सांगायला हवं. जाहिरातीतला एकेक शब्द असा तपासावा लागतो. मार्च २००६ मध्ये बीएसएनएलने 'वन इंडिया' योजनेत एका रुपयात देशात कुठेही एक मिनिट बोलायची सोय केली, आणि बूथवरची रात्री अकराची गर्दी ओसरली. २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा हा दर आणला. बोलू तेवढेच पैसे. पाठोपाठ इतरांनाही तसे दर आणावे लागले.

या काळातली सर्वांत मोठी कमाई माझ्या मते नंबर पोर्ट करण्याचा हक्क. २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर तो मिळाला. नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. आधी हे आपल्या सर्कलपुरतं होतं. महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक सर्कल आणि मुंबई वेगळं. जुलै २०१५ पासून देशात कुठेही नंबर नेता येऊ लागला. लग्न होऊन दुसऱ्या राज्यात गेलेल्या मुलीला नाव बदलावं लागलं असेल, नंबर बदलायची गरज राहिली नाही. २०१३ मध्ये आणखी एक नियम आला. कॉलर ट्यूनसारखी पैसे कापणारी सेवा ग्राहकाने दोनदा होकार दिल्याशिवाय सुरू करायची नाही.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ बाजारात उतरली. आधी काही महिने सगळं फुकट, मग डेटा स्वस्त आणि बोलणं त्याच पैशात. डेटासाठी जीव टाकणारी आपली मुलं खूश झाली. पण या स्पर्धेत आणि आधीच्या कर्जाच्या ओझ्याखाली एकेक कंपनी गळत गेली. एअरसेल, टाटा, टेलिनॉर, रिलायन्स कम्युनिकेशन्स ही नावं आज कुणाच्या कार्डावर दिसत नाहीत. व्होडाफोन आणि आयडिया ऑगस्ट २०१८ मध्ये एक झाल्या. दहा-बारा दुकानांच्या बाजारात तीन खाजगी दुकानं आणि एक सरकारी दुकान उरलं.

मग जे व्हायचं ते झालं. २०१८ च्या अखेरीस एअरटेल आणि व्होडाफोन आयडियाने किमान रिचार्ज आणलं. ३५ रुपये, २८ दिवस. ते केलं नाही तर आधी आपला फोन लागणं बंद, आणि पुढे येणारा फोनही बंद. तक्रारी झाल्या, ट्रायने कंपन्यांना विचारणा केली, पण पद्धत रुजली. २००३ साली फुकट झालेलं इनकमिंग पंधरा वर्षांनी पुन्हा विकत घ्यावं लागलं. जुलै २०२४ च्या दरवाढीत एअरटेल आणि व्होडाफोन आयडियाचा १७९ रुपयांचा २८ दिवसांचा प्लॅन १९९ वर गेला. जिओचा १५५ चा १८९ झाला.

आता २८ दिवसांचं गणित मांडा. वर्षाचे महिने बारा, पण २८ दिवसांची रिचार्जं होतात तेरा. १९९ गुणिले १३ म्हणजे वर्षाला २,५८७ रुपये. दिवसाला साधारण सात रुपये. कागदावर करार नाही, पण दर अठ्ठाविसाव्या दिवशी वसुली आहे. यावर ट्रायने जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढला, की प्रत्येक कंपनीने किमान एक प्लॅन ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला संपणारा ठेवावा. डिसेंबर २०२४ मध्ये दुसरा नियम आला. ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी फक्त बोलणं आणि एसएमएस असलेलं रिचार्ज द्यायलाच हवं, आणि त्याची मुदत वर्षापर्यंत ठेवता येईल. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये एअरटेलचा असा वर्षाचा प्लॅन १,८४९ रुपयांचा होता. म्हणजे दिवसाला पाच रुपयांच्या आसपास. साध्या बटणाच्या फोनवर बोलणाऱ्या सासूबाईंसाठी १९९ चं डेटावालं रिचार्ज दर वेळी केलं, तर त्या दरांनी वर्षाला सातशेच्या वर रुपये न वापरलेल्या इंटरनेटवर जात होते.

पण एकदम १,८४९ रुपये आणायचे कुठून? पुडीचा शाम्पू बाटलीपेक्षा महाग पडतो हे आपल्याला ठाऊक असतं, तरी आपण पुडी घेतो, कारण हातात तेवढेच पैसे असतात. गरिबाला स्वस्त वस्तू महागात पडते ती अशी. आणि बचत गट निघाले ते नेमके याच अडचणीवर. गटाच्या अंतर्गत कर्जातून वर्षाचं रिचार्ज करून महिन्याला दीडशे-पावणेदोनशे रुपये फेडले, तर व्याज धरूनही बाई फायद्यात राहते. मात्र आपल्या नेटवर्कची खात्री असेल तरच वर्षाचे पैसे भरा. मधेच कंपनी बदलली तर उरलेले दिवस सोबत येत नाहीत.

कुणी म्हणेल, एवढा विचार कशाला, परवडलं नाही तर कार्ड फेकू आणि नवं घेऊ. दहा वर्षांपूर्वी ते चाललं असतं. आज आपला नंबर बँक खात्याला, आधारला, गॅसच्या पुस्तकाला जोडलेला आहे. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी करायची होती, तेव्हाही ओटीपी त्याच नंबरवर येत होता. ९० दिवस काहीच वापर झाला नाही तर कंपनी नंबर बंद करू शकते, आणि काही काळाने तो दुसऱ्या कुणाला मिळतो. मग आपल्या खात्याचा ओटीपी अनोळखी माणसाच्या फोनवर जायची भीती. खात्यात किमान २० रुपये शिल्लक असतील, तर तेवढे कापून नंबर आणखी ३० दिवस राखण्याची तरतूद नियमात आहे. म्हणून मुख्य शिल्लक पार शून्यावर आणू नका.

तर मग कोणतं कार्ड? ज्याची रेंज तुमच्या घरात आणि शेतात येते ते. शेजारणीचा फोन दोन मिनिटं हातात घेऊन विहिरीपाशी, गोठ्यात लावून बघा. मग किमतीला दिवसांनी भागा आणि येणारा आकडा दुसऱ्या कंपनीच्या आकड्याशी ताडून बघा. १९९ मोठं की १८९ मोठं एवढ्यावर थांबू नका. आवडलं नाही तर इंग्रजीत 'पोर्ट' लिहून, जागा सोडून आपला नंबर टाका आणि १९०० वर एसएमएस करा, कोड येईल. एका कंपनीत ९० दिवस झाले असले की जाता येतं. जायची तयारी असलेल्या ग्राहकालाच कंपनी विचारते, हे गेल्या तीस वर्षांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

आणि सगळ्यांत आधी एक काम करा. तुमच्या हातातलं कार्ड कुणाच्या नावावर आहे ते बघा. नवऱ्याच्या, दिराच्या, की दुकानदाराने त्या वेळी लावलेल्या भलत्याच कागदावर? पोर्ट करण्याचा, हरवलेलं कार्ड पुन्हा काढण्याचा हक्क ज्याच्या नावावर कार्ड आहे त्याचा असतो. आपल्या नावावर किती कार्डं आहेत ते सरकारच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर दिसतं. घरातल्या शिकलेल्या मुलीला सांगा, ती दोन मिनिटांत काढून देईल. सातबाऱ्यावर आपलं नाव लागावं म्हणून आपण झगडतो. हा दहा आकडी नंबरही आता आपली मालमत्ता आहे. त्यावरही आपलंच नाव हवं.