अकोल्याची शाळा, अमरावतीचे दार

वऱ्हाड म्हटले की काळी कसदार जमीन, कापसाच्या गाड्या आणि वैशाखातले रणरणते ऊन एवढेच चित्र आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. महाराष्ट्राच्या प्रबोधनाचा इतिहास सांगताना आपण पुण्या-मुंबईत रमतो, फार तर कोल्हापूर व महाड येथवर जाऊन येतो. तथापि माणसाला माणूस म्हणून जगता यावे, त्याच्या बुद्धीवर आणि पावलांवर रूढीची बेडी नसावी, या विचाराच्या दोन महत्त्वाच्या खुणा वऱ्हाडातल्या दोन शहरांत आहेत. एक अकोल्याच्या शाळेत, १८७५ सालची. दुसरी अमरावतीच्या अंबादेवीच्या दाराशी, १९२७ सालची. मधल्या बावन्न वर्षांत व्यक्तिस्वातंत्र्य या शब्दाचा अर्थ कसा रुंदावत गेला, हे पाहणे आपणा सर्वांना उद्बोधक ठरेल.

१८५३ च्या तहाने निजामाच्या ताब्यातील वऱ्हाड प्रांताचा कारभार इंग्रजांच्या हाती आला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. १८६७ पर्यंत आगगाडी अकोल्यावरून नागपूरला पोहोचली. कापसाच्या बाजारपेठेमागोमाग कचेऱ्या आल्या, न्यायालये आली, इंग्रजी शाळा आल्या. त्या चालविण्यासाठी देशावरून व कोकणातून कारकून, वकील आणि शिक्षक वऱ्हाडात येऊन स्थायिक झाले. अशाच एका नातलगाच्या आधाराने साताऱ्याकडचा एक निर्धन मुलगा अकोल्यास शिकायला आला. त्याचे नाव गोपाळ गणेश आगरकर.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडजवळच्या टेंभू या गावी झाला. घरची परिस्थिती इतकी हलाखीची की शिक्षण मध्येच सोडून त्यांना कचेरीत उमेदवारी करावी लागली, पुढे दवाखान्यात औषधे देण्याचे कामही करावे लागले. शिकण्याची ओढ मात्र सुटली नाही. अकोल्याच्या हायस्कुलात त्यांना विष्णू मोरेश्वर महाजनी यांच्यासारखे गुरुजन लाभले. महाजनी स्वतः साहित्यिक होते. शेक्सपिअरच्या एका नाटकाचे ‘तारा’ हे मराठी रूपांतर त्यांच्याच लेखणीतून उतरले. त्यांनी या मुलाची बुद्धी हेरली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. विद्यार्थिदशेतच आगरकर ‘वऱ्हाड समाचार’ या स्थानिक पत्रात लिहू लागले. १८७५ साली ते अकोल्याहून मॅट्रिक झाले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. पुढे ज्या पुरुषाने एकट्याने साऱ्या समाजाशी झुंज दिली, त्याला उभे करायला नातलगाच्या घरातली भाकरी, शिक्षकाचा विश्वास आणि एका लहान गावच्या वर्तमानपत्राचा रकाना लागला. स्वतंत्र बुद्धीचा माणूस आभाळातून पडत नाही. त्याला कोणीतरी दार उघडून आत घ्यावे लागते.

कॉलेजात असताना आगरकरांजवळ एकच सदरा होता. तो रात्री धुऊन वाळत घालावा आणि सकाळी पुन्हा अंगात घालावा, अशी स्थिती होती, हे प्रसिद्धच आहे. मुलगा शिकला म्हणजे दारिद्र्य फिटेल, अशी आशा लावून बसलेल्या आईला त्यांनी पत्र लिहून कळविले की मोठ्या पगाराच्या नोकरीची वाट तिने पाहू नये. पोटापुरते मिळवून उरलेला सारा वेळ आपण लोकांच्या हितासाठी खर्च करणार आहोत. हा शब्द त्यांनी अखेरपर्यंत पाळला. १८८१ साली सुरू झालेल्या ‘केसरी’चे ते पहिले संपादक. कोल्हापूरच्या दिवाणांनी भरलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात १८८२ साली टिळकांसमवेत त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. फर्ग्युसन कॉलेजच्या उभारणीत त्यांचा वाटा होता आणि १८९२ पासून ते त्याचे प्राचार्य होते. मतभेद विकोपाला गेल्यावर १८८७ मध्ये त्यांनी ‘केसरी’ सोडला आणि ऑक्टोबर १८८८ मध्ये स्वतःचे ‘सुधारक’ पत्र काढले.

‘सुधारक’मधून ते काय सांगत होते? मिल व स्पेन्सर यांच्या ग्रंथांवर पोसलेल्या त्यांच्या बुद्धीला एक गोष्ट स्वच्छ दिसत होती. रूढी माणसासाठी असते; माणूस रूढीसाठी नसतो. कोणी कोणता पोशाख करावा, कोणाशी आणि कोणत्या वयात विवाह करावा, पती वारल्यावर स्त्रीने केस ठेवावेत की नाही, मुलीने किती शिकावे, हे सारे प्रश्न पूर्वजांच्या आज्ञेवर सोपवून न देता प्रत्येकाने विवेकाच्या कसोटीवर घासून पाहावेत, असा त्यांचा आग्रह होता. बालविवाह, विधवांचे केशवपन, स्त्रियांचे अज्ञान यांवर त्यांनी प्रखर लेखन केले. मुलामुलींना एकत्र आणि सारखेच शिक्षण द्यावे, असे ते त्या काळी सांगत होते. १८९१ साली संमतिवयाचा कायदा होऊन ही मर्यादा दहावरून बारा वर्षे झाली, तेव्हा सरकारने आमच्या चालीरीतींत हात घालू नये, असे टिळकांचे म्हणणे होते. ज्या बालिकेला स्वतःचे गाऱ्हाणे मांडता येत नाही तिच्या रक्षणासाठी कायद्याने पुढे यावे, असे आगरकरांचे म्हणणे होते. आजच्या वाचकाला बारा हे वयसुद्धा ऐकवत नाही. एवढ्याशा सुधारणेसाठीही केवढे वादळ उठले, यावरून त्या लढ्याची कल्पना यावी.

या लेखनाची किंमत त्यांना मोजावी लागली. पुण्याच्या सनातन्यांनी जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली. दम्याने शरीर पोखरले होते, घरात पैसा नव्हता. १७ जून १८९५ रोजी, वयाची चाळिशीही न गाठता, त्यांनी देह ठेवला. आपल्या अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी त्यापुरते पैसे वेगळे बांधून ठेवले होते, असे सांगतात. आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. स्वतः ईश्वराविषयी साशंक असलेल्या या गृहस्थाने घरात पत्नीच्या देवधर्माला कधी अटकाव केला नाही. जे स्वातंत्र्य त्यांनी स्वतःसाठी मागितले तेच यशोदाबाईंनाही दिले. सुधारकाची खरी परीक्षा सभेत होत नाही, ती त्याच्या स्वयंपाकघरात होते.

तरीही आगरकरांच्या लेखणीला एक मर्यादा होती. जातिभेदावर त्यांनी टीका केली, परंतु त्यांच्या लेखांतील बहुतेक दुःखे पांढरपेशा घरांच्या माजघरातली होती. ज्यांना शाळेच्या पायरीवर बसून ऐकावे लागत होते, ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जात होता, त्यांच्या हाती ‘सुधारक’चा अंक पोहोचणार कसा? विचार करण्याचे स्वातंत्र्य आणि पाऊल टाकण्याचे स्वातंत्र्य ही दोन वेगळी स्वातंत्र्ये नव्हेत. पण समाजाने त्यांची ताटातूट केली होती. ती सांधण्याचा एक प्रयत्न पुढे अमरावतीत झाला.

अमरावतीची अंबादेवी हे साऱ्या वऱ्हाडाचे श्रद्धास्थान. त्या मंदिरात अस्पृश्य मानलेल्या बांधवांना प्रवेश नव्हता. १९२७ हे वर्षच जागृतीचे होते. मार्च महिन्यात महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्या हजारो अनुयायांनी ओंजळीत घेतले होते. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला अमरावतीच्या इंद्रभुवन नाट्यगृहात वऱ्हाडातील अस्पृश्य समाजाची परिषद भरली. अध्यक्षस्थानी डॉ. आंबेडकर होते. अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह करावा, हा परिषदेपुढचा मुख्य विषय होता. थोरले बंधू बाळाराम यांच्या निधनाची वार्ता बाबासाहेबांना या परिषदेच्या वेळीच मिळाली. देवस्थानच्या पंचांना विचार करण्यास अवधी मिळावा म्हणून सत्याग्रह काही काळ पुढे ढकलण्यात आला. ज्यांना शतकानुशतके थांबवून ठेवले होते, त्यांनीच पुन्हा एकदा थांबण्याचा संयम दाखविला, हे विसरता कामा नये.

मंदिरप्रवेश ही केवळ देवदर्शनाची मागणी होती काय? नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० मध्ये सुरू झाला तेव्हा बाबासाहेबांनी आपली भूमिका उघड केली. देवळात गेल्याने आपले सारे प्रश्न सुटणार नाहीत, हे ते जाणत होते. स्पृश्य समाज आपल्याला माणूस मानायला तयार आहे की नाही, एवढेच त्यांना विचारायचे होते. आगरकर रूढीला जो प्रश्न विचारत होते, तोच हा प्रश्न. फरक इतकाच की आता तो विचारणारा ओट्यावर बसलेला नव्हता, तो अंगणाबाहेर उभा होता.

अमरावतीच्या या चळवळीत स्पृश्यांपैकी जे पुढे झाले त्यांत डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव अग्रभागी आहे. २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे शेतकरी कुटुंबात जन्मलेले हे गृहस्थ विलायतेत वैदिक वाङ्मयातील धर्माचा अभ्यास करून, बॅरिस्टर होऊन परतले होते. परतल्यावर ते जे बोलले ते त्यांनी करून दाखविले. १९२७ सालीच त्यांनी विमलाबाई वैद्य यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. श्री शिवाजी शिक्षण संस्थेच्या द्वारे खेड्यापाड्यांतील मुलांसाठी शिक्षणाची दारे उघडली. पुढे घटना समितीत डॉ. आंबेडकरांसमवेत तेही सदस्य होते. २६ जानेवारी १९५० रोजी संविधान अंमलात आले आणि त्याच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. अमरावतीच्या दाराशी विचारलेल्या प्रश्नाला देशाने दिलेले ते लेखी उत्तर होते.

परंतु कायदा दाराचे कुलूप काढतो. मनाची कडी काढायला वेगळ्या हाताची गरज असते. असे हात या मातीत होते. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ मध्ये परीट कुटुंबात जन्मलेला आणि अकोला जिल्ह्यातील दापुऱ्यास मामाच्या घरी गुरे राखून वाढलेला डेबूजी पुढे गाडगेबाबा म्हणून प्रसिद्धीस आला. आगरकरांना अकोल्यात जी शाळा मिळाली, ती त्याला मिळाली नाही. दारूने वडील गेले, सावकाराच्या कर्जाने मामाचे शेत गेले. मुलीच्या बारशाला मांस व मद्य वाढण्याची जातीची रीत त्याने मोडली आणि गोडाचे जेवण घातले. १९०५ साली घर सोडल्यानंतर हातात खराटा घेऊन ते गावोगाव फिरले. दिवसा रस्ते झाडावेत, रात्री कीर्तनात लोकांना साधे प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तरे काढून घ्यावीत, ही त्यांची पद्धत. आगरकरांनी जे इंग्रजी ग्रंथांतून घेऊन मराठीत लिहिले, तेच या निरक्षर संताने वऱ्हाडी बोलीत शेतकऱ्यांच्या गळी उतरविले. पंढरपूरला चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधून त्यांनी ज्यांना कोठे आसरा नव्हता त्यांना छप्पर दिले. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीजवळ वलगाव येथे त्यांनी देह ठेवला. अमरावतीचे विद्यापीठ आज त्यांचेच नाव धारण करते.

आता आपल्याकडे वळू. एक साशंक पंडित, एक समतेचा महान लढवय्या, एक शेतकऱ्यांचा पुढारी आणि एक कीर्तनकार यांच्या कथेशी कॅथलिक कुटुंबांचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध जवळचा आहे. एकोणिसाव्या शतकात ‘स्वातंत्र्य’ या शब्दाकडे ख्रिस्तसभेतील श्रेष्ठीही संशयाने पाहत असत. १८६४ साली परमगुरू नववे पायस यांनी निषिद्ध ठरविलेल्या मतांच्या यादीत धर्मस्वातंत्र्याविषयीची अनेक मते होती. त्यानंतर एक शतक उलटले, आणि ७ डिसेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्यावरील आपल्या घोषणापत्रात सांगितले की कोणावरही त्याच्या सदसद्विवेकबुद्धीविरुद्ध वागण्याची सक्ती होऊ नये, आणि हा हक्क माणसाच्या प्रतिष्ठेतूनच उगवतो. आगरकर हे वाचायला हयात असते तर त्यांनी कदाचित मंद स्मित केले असते.

विचारांचे दार आपण उघडले. दुसरे दार? २०१६ साली भारतातील कॅथलिक महागुरूंच्या परिषदेने दलितांच्या सबलीकरणाचे धोरण प्रसिद्ध केले, तेव्हा ख्रिस्तसभेतही जातीचा भेदभाव शिल्लक असल्याची कबुली तिने दिली. एकाच वेदीवरून एकच भाकर घेणाऱ्यांनी घरी परतल्यावर सोयरीक जुळविताना पूर्वीची जात विचारावी, दूरच्या जिल्ह्यातून आलेल्या कुटुंबाला धर्मग्रामात वर्षानुवर्षे ‘बाहेरचे’ म्हणावे, मुलीच्या शिक्षणाचा निर्णय तिला न विचारता घ्यावा, हे आपल्या परिचयाचे नाही काय?

अशा वेळी वऱ्हाडची ही दोन शहरे आठवावीत. अकोल्यात एका शिक्षकाने परक्या, गरीब मुलाला जवळ केले आणि महाराष्ट्राला सुधारक मिळाला. अमरावतीत बाहेर ठेवलेल्या माणसांनी आम्ही माणसे आहोत की नाही, असे शांतपणे विचारले. आपल्या घरात, शाळेत आणि मंदिरात हा प्रश्न विचारायला आज कोण उभे आहे, हे पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. दार आतून उघडावे लागते, आणि आत आपणच आहोत.