वंशावळ आणि हयात आप्तांचा शोध

आपल्या ज्ञातीतील पुष्कळ जुन्या घरांत पेटीच्या तळाशी एखादी वंशावळ जपून ठेवलेली असते. मूळ पुरुषापासून निघालेल्या रेघा, त्यांखाली पिढ्यांची नावे आणि मधूनच एखाद्या नावापुढे 'निर्वंश' हा शब्द. ती उघडली म्हणजे आपण पूर्वजांचे स्मरण करतो व पुन्हा बांधून ठेवतो. परंतु दुरावलेल्या हयात आप्तांपर्यंत नेणारी वाटही तीच आहे. त्या वाटेची साधने कोणती आणि ती कोठे खुंटते, याचा थोडक्यात विचार करण्याचे येथे योजिले आहे.

वंशावळी केवळ हौसेने लिहिल्या गेल्या नाहीत. वतन, इनाम, वृत्ती यांचे हक्क वंशपरंपरेने चालत. तंटा उपस्थित झाला की पिढ्या लिहून द्याव्या लागत. इंग्रजी अमलात इनाम कमिशनने १८५२ च्या कायद्यान्वये इनामांची चौकशी चालविली, तेव्हाही हाच प्रसंग आला. पुढे इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला, १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, आणि घरोघरची दप्तरे प्रकाशात येऊ लागली. मात्र या कागदांचा मूळ हेतू वारस ठरविण्याचा होता, हे विसरून चालणार नाही. ज्याचा हक्क नाही त्याचे नाव लिहिण्याचे कारण नव्हते. म्हणून कन्या गळाल्या, आणि ज्याला केवळ कन्याच होत्या तो पिता 'निर्वंश' ठरला.

दुसरे साधन क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांचे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया येथे यजमान गेला म्हणजे उपाध्याय त्याचे मूळ गाव व आडनाव विचारतात, त्याप्रमाणे वही काढतात आणि पूर्वी येऊन गेलेल्यांची नावे वाचून दाखवितात. यजमान आपल्या हाताने सोबतच्या मंडळींची नावे व मुक्काम लिहून सही करतो. जुने लेख बहुधा मोडीत असतात. येथे मूळ गाव ठाऊक असणे फार महत्त्वाचे. कारण आडनाव बदलते. कोणी कुळकर्णाच्या वृत्तीवरून कुलकर्णी झाला, कोणी गाव सोडून गेल्यावर गावाच्या नावाला 'कर' जोडून ओळखला जाऊ लागला. अशा वेळी गोत्र, देवक व कुलदैवत यांचाच आधार उरतो.

तिसरे साधन सरकारी दप्तराचे. जन्ममृत्यूची नोंद असलेले कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना चौदा, जातीच्या दाखल्यासाठी अनेकांनी धुंडाळले असेल. खातेदार मयत झाला म्हणजे वारसांची नोंद होते व फेरफार निघतो. हिंदू उत्तराधिकार कायद्याने १९५६ साली मुलीला पित्याच्या मिळकतीत वारस केले. महाराष्ट्रात १९९४ साली व देशभर २००५ साली वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतही तिला पुत्राप्रमाणे हक्क मिळाला. तेव्हा घरच्या वंशावळीत नसलेली आत्या तलाठ्याच्या दप्तरात सापडते, ही लाजिरवाणी परंतु उपयोगाची गोष्ट होय.

प्रस्तुत लेखकाचा अनुभव असाच आहे. आमच्या पणजोबांचे धाकटे बंधू १८९७ च्या प्लेगच्या धामधुमीत पत्नी व लहान मुलीसह गाव सोडून गेले. भावाभावांत जमिनीवरून बोलाचाली झाली होती, असे घरात दबक्या आवाजात सांगत. वंशावळीत त्यांच्या नावापुढे 'निर्वंश' लिहिले होते आणि आम्ही तीन पिढ्या ते खरे मानले. २००९ साली अस्थिविसर्जनासाठी नाशिकास गेलो असता उपाध्यायांनी आमच्या गावची वही वाचली. तीत १९३१ सालचा एक मोडी लेख निघाला : मातामहाच्या अस्थी घेऊन दौहित्र आला, मुक्काम इंदूर. मातामहाचे नाव त्या बंधूंचेच होते!

दौहित्राने आपले आडनाव व गाव लिहिले होते. त्या गावच्या उपाध्यायांकडे विचारता १९७४ सालचा लेख मिळाला व त्यावरून इंदूरचा पत्ता लागला. महिन्याभराने पत्राचे उत्तर आले. लिहिणाऱ्या बाई सत्तरी ओलांडलेल्या, त्या दौहित्राच्या कन्या. नात्याने माझी बहीण. त्यांना आमच्या ग्रामदेवतेचे नाव ठाऊक होते. "आजी सांगायची तो परसातला फणस अजून आहे का?" असे त्यांनी विचारले होते. फणस केव्हाच पडला होता. चार वर्षांची असताना गाव सोडलेल्या मुलीने तो नातीपर्यंत पोहोचविला, आणि आम्ही मात्र त्या मुलीचे नावही लिहिले नव्हते. ताई पुढे घरी येऊन गेल्या. वंशावळीतील तो शब्द खोडून तेथे त्यांच्या आजीचे नाव त्यांच्याच हातून लिहवून घेतले.

मातामहाचे श्राद्ध करण्याचा अधिकार आपल्या शास्त्राने दौहित्रास दिला आहे. आश्विन शुद्ध प्रतिपदा त्यासाठीच राखली आहे. मग वंशावळीत त्याच्या मातेस स्थान का नसावे?

ज्ञातिबांधवांस व भगिनींस विनंती एवढीच. घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीजवळ वही घेऊन बसावे. प्रत्येक नावासोबत मातेचे नाव, तिचे माहेर, कन्या व त्यांची सासरे लिहावीत. 'निर्वंश' हा शब्द दिसेल तेथे थांबून चौकशी करावी. मोडी जाणणारा कोणी आसपास असेल तर जुने कागद आजच वाचून घ्यावेत. हयात व्यक्तींचा पत्ता मात्र त्यांच्या संमतीवाचून छापू नये. कागद टिकतात, पण ते कोणाचे हे सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. म्हणून हे कार्य पुढील संमेलनापर्यंत लांबणीवर टाकू नये, अशी सर्वांस प्रार्थना आहे.