बिअर, घरगुती पिंपातील

घरी किण्वन करून पोलादी पिंपात साठविलेली वायुयुक्त, निवळ बिअर. हिचा इतिहास सोडावॉटरशी निगडित आहे. जोझेफ प्रीस्टली यांनी १७६७ मध्ये लीड्स (इंग्लंड) येथील बिअर-कारखान्यात किण्वनकुंडावर साचणाऱ्या कार्बन डाय-ऑक्साइडाने पाणी वायुयुक्त केले. त्यातूनच पुढे सोडावॉटरचा उद्योग उदयास आला. दाबाच्या प्रमाणात द्रवात अधिक वायू विरघळतो, हा नियम विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये मांडला.

अमेरिकेत १९३३ मध्ये दारूबंदी उठली, तरी घरगुती बिअरला मुभा मिळाली नाही. १९७८ च्या संघीय कायद्याने दोन वा अधिक प्रौढांच्या कुटुंबास वर्षाला २०० गॅलन (सु. ७५७ लि.) बिअर स्वतःसाठी करमुक्त बनविता येऊ लागली, मिसिसिपी व ॲलाबॅमा या राज्यांत मात्र त्यासाठी २०१३ साल उजाडले.

बाटलीत साखर घालून वायू निर्माण केल्यास तळाशी यीस्टचा गाळ राहतो. शीतपेय-उद्योगाने पाकासाठी पेटीतील पिशव्या स्वीकारल्यावर त्याची सु. १९ लि. धारणेची जुनी पिंपे घरगुती उत्पादकांना मिळू लागली. पिंपातील बिअर सु. ४° से. पर्यंत थंड केल्यास यीस्ट व प्रथिने तळाशी बसतात आणि पहिला गढूळ पेला काढून टाकल्यावर निवळ बिअर मिळते. वातावरणीय दाबाहून सु. ०·८ बार अधिक दाब काही दिवस ठेवल्यास तीत आकारमानाच्या सु. अडीचपट वायू विरघळतो. त्याच दाबाने ती तोटीतून बाहेर येते. बिअरपासून पाण्याकडे गेलेले वायुभरणाचे तंत्र अशा रीतीने शीतपेयाच्या पिंपातून बिअरकडे परतले.