नाव नसलेले अस्वल : जर्मन कथन, मिठाई आणि अरण्य

बॉन येथील हान्स रीगेल या मिठाईकाराने १९२० साली स्वतःचा व्यवसाय नोंदवला आणि हान्स, रीगेल व बॉन या तिन्हींची पहिली अक्षरे जुळवून त्याला ‘हारिबो’ हे नाव दिले. १९२२ मध्ये त्याने फळांच्या स्वादाची, चघळण्याजोगी, अस्वलाच्या आकाराची एक गोळी बाजारात आणली. आज जगभर ‘गमी बेअर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मिठाईचे हे मूळ रूप. मिठाईच्या इतिहासाला एवढी नोंद पुरेशी असली, तरी साहित्याच्या अभ्यासकाला त्या गोळीला दिलेले नाव अधिक बोलके वाटायला हवे. ते होते ‘टान्त्सबेअर’, म्हणजे नाचणारे अस्वल. गावोगावच्या जत्रांत नाकात कडी अडकवून, साखळीला धरून नाचवल्या जाणाऱ्या अस्वलावरून हा आकार घेतलेला होता. तो अरण्यातून आलेला नाही, जत्रेतून आलेला आहे. निसर्गाचे गोंडस अनुकरण म्हणून ज्या वस्तूकडे पाहिले जाते, तिचे अनुकार्य मुळातच एक बंदिस्त आणि शिकवलेले शरीर होते. जर्मन कथनपरंपरेत अस्वलाचे जे झाले, त्याचा शेवटचा टप्पा म्हणून या गोळीचे वाचन करता येते.

आरंभ मात्र भाषेपासून करावा लागतो. इंडो-युरोपीय भाषाकुलात अस्वलासाठी एक प्राचीन शब्द होता. संस्कृतातील ‘ऋक्ष’, ग्रीकमधील ‘आर्क्टोस’ आणि लॅटिनमधील ‘उर्सुस’ ही त्याची रूपे. हिंदीतील ‘रीछ’ आणि मराठीतील आता मागे पडलेला ‘रीस’ हे त्याचेच वंशज. जर्मानिक आणि स्लाव भाषांनी हा शब्द गमावला. तो गमावला जाण्यामागे नामनिषेध असावा, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. ज्याचे नाव घेतले की तो समोर उभा राहतो, त्याचे नाव घ्यायचे नाही. रात्री सापाला ‘लांबडे’ किंवा नुसते ‘जनावर’ म्हणण्याची रीत ज्यांनी ऐकली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. स्लाव भाषांनी अस्वलाला ‘मध खाणारा’ म्हटले. (ऋग्वेदात ‘मध्वद्’ हा याच घडणीचा शब्द येतो; पण तो पक्ष्यांसाठी, अस्वलासाठी नव्हे.) जर्मन भाषेतील ‘बेअर’ या शब्दाची सर्वाधिक प्रचलित व्युत्पत्ती ‘तपकिरी’ अशी आहे. म्हणजे जर्मन भाषेत अस्वलाला नाव नाही. नाव टाळण्यासाठी वापरलेला रंग तेवढा आहे.

भारतीय परंपरेने हा शब्द का टिकवला, हा स्वतंत्र विषय आहे. सप्तर्षींना पूर्वी ‘ऋक्ष’ म्हणत, असे शतपथ ब्राह्मण सांगते. ग्रीकांनीही त्याच तारकासमूहात अस्वल पाहिले. अधिक लक्षणीय गोष्ट अशी, की येथे अस्वलाला वाणी आहे. किष्किंधाकांडात समुद्रासमोर गप्प बसलेल्या हनुमानाला त्याच्या जन्माची कथा ऐकवून त्याचे सामर्थ्य त्याला आठवून देणारा जांबवान हा ऋक्षराज आहे. तो कथेचा विषय नाही, निवेदक आहे. याउलट शालेय वाचनमालांतून मराठी मुलांच्या परिचयाचे झालेले, इसापाच्या दोन मित्रांच्या गोष्टीतील अस्वल घ्यावे. ते जमिनीवर निपचित पडलेल्या माणसाच्या कानाशी काही पुटपुटते, असे आपण मानतो. पण त्याचे शब्द आपल्याला कळतात ते त्या माणसाच्या तोंडून. अस्वलाच्या नावावर माणूस बोलतो. युरोपीय कथनातील अस्वलाची स्थिती बहुधा हीच राहिली.

मध्ययुगातील अस्वलाच्या अवनतीचा सविस्तर इतिहास मिशेल पास्तुरो या फ्रेंच इतिहासकाराने २००७ साली मांडला. एके काळी युरोपच्या प्राणिजगताचा राजा असलेल्या अस्वलाला चर्चने पद्धतशीरपणे पदच्युत केले आणि त्याच्या जागी सिंहाला बसवले, असे त्याचे प्रतिपादन आहे. या मांडणीत चर्चच्या हेतूला जरा अधिकच सुसूत्रता बहाल झाली आहे. पण अस्वल राबवून घेतले जाऊ लागल्याचा पुरावा खुद्द संतचरित्रांतच मिळतो. बव्हेरियातील फ्रायझिंगच्या संत कॉर्बिनियनच्या आख्यायिकेत अस्वल संतांचे ओझ्याचे घोडे मारते आणि शिक्षा म्हणून रोमपर्यंत ओझे वाहते. पाठीवर गाठोडे बांधलेले हे अस्वल फ्रायझिंगच्या मानचिन्हावर आले आणि २००५ मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या मानचिन्हावरही. कोल्ह्याच्या महाकाव्यात तर त्याची विटंबनाच होते. गटेने १७९४ मध्ये ‘राइनेके फुक्स’ या नावाने नव्याने रचलेल्या या कथेत ‘ब्राउन’ नावाचे अस्वल राजाचा दूत म्हणून कोल्ह्याकडे येते, मधाच्या लोभाने चिरलेल्या ओंडक्यात अडकते आणि कातडी सोलवटून घेऊन परत जाते. दूताचा निरोप बाजूला राहतो. वाचकाच्या लक्षात राहतो तो मध. ‘ब्राउन’ म्हणजेही तपकिरीच. नाव टाळण्यासाठी घेतलेला रंग येथे विशेषनाम झाला आहे.

या पार्श्वभूमीवर क्लाइस्टचे अस्वल निराळे ठरते. १८१० च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेल्या कळसूत्री बाहुल्यांवरील त्याच्या निबंधात एक नर्तक एक प्रसंग सांगतो. लिव्होनियातील एका जमीनदाराच्या वाड्यात त्याला खांबाला साखळीने बांधलेल्या अस्वलाशी तलवारबाजी करायला लावतात. त्याचा प्रत्येक वार अस्वल पंज्याने परतवते. पण तो हुलकावणी देतो तेव्हा ते हलतसुद्धा नाही. खरा वार आणि खोटा वार यांतील फरक त्याला आधीच कळतो. आत्मभान नसलेल्या देहाची निर्दोष कृती आणि आत्मभानाने ग्रासलेल्या माणसाचा अवघडलेपणा, अशा सूत्राने या प्रसंगाचे अर्थनिर्णयन सामान्यतः केले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु साहित्यसमीक्षेला आणखी एक गोष्ट दिसायला हवी. हुलकावणी हे एक चिन्ह आहे. ज्याच्या मागे चिन्हित नाही असे चिन्ह. क्लाइस्टचे अस्वल अशी चिन्हे वाचायला नकार देते. कल्पिताला बळी न पडणारा हा कदाचित जर्मन साहित्यातील एकमेव वाचक असेल. आणि तो साखळीने बांधलेला आहे, हेही निबंधात स्पष्टपणे लिहिलेले आहे. निबंधातल्या तत्त्वचर्चेत साखळीकडे सहसा कोणी पाहत नाही.

यानंतरच्या तीन दशकांतील तारखा एकमेकींशेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. १८३५ मध्ये बव्हेरियातील रूपोल्डिंगजवळ त्या प्रदेशातले शेवटचे रानटी अस्वल मारले गेले. १८३७ मध्ये ग्रिम बंधूंच्या कथासंग्रहाच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘हिमगौरी आणि गुलाबतांबडी’ या दोन बहिणींची कथा समाविष्ट झाली. (ही हिमगौरी सात बुटक्यांची नव्हे.) त्याच वर्षी इंग्लंडमध्ये, जेथून रानटी अस्वले कित्येक शतकांपूर्वीच नाहीशी झाली होती, रॉबर्ट साउदीने खिमट थंड होण्याची वाट पाहणाऱ्या तीन गृहस्थ अस्वलांची गोष्ट छापली. या योगायोगातून कार्यकारणभाव काढणे उतावळेपणाचे होईल. विल्हेल्म ग्रिमची कथा तर १८२७ मध्येच एका वार्षिकांकात आली होती. पण अरण्यात अस्वल उरले नाही तेव्हा ते घरात येऊ शकले, एवढे म्हणायला हरकत नाही. ग्रिमच्या कथेत ते अक्षरशः घरात येते. हिवाळ्याच्या रात्री दार ठोठावते, शेकोटीपाशी ऊब मागते, मुली त्याच्या केसांतला बर्फ झाडतात, त्याच्या पाठीवर लोळतात. वसंतात निघून जाताना दाराच्या आकड्याला अडकून त्याची कातडी फाटते आणि आत सोने चमकल्याचा भास होतो. अखेरीस कातडी गळून पडते; आत सोनेरी वस्त्रांतला राजपुत्र असतो. अस्वल हे आता केवळ आवरण आहे, आणि आतला ऐवज अस्वल नाही.

हाइनेने या आवरणाचाच उपहास केला. १८४३ मध्ये नियतकालिकातून आणि १८४७ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या ‘आट्टा ट्रोल’ या काव्याचा नायक पिरेनीज पर्वतातल्या कोतेरे गावच्या बाजारात नाचणारे अस्वल आहे. ते साखळी तोडून डोंगरात पळते, गुहेत पिल्लांपुढे समतेची व्याख्याने देते आणि सृष्टीचा कर्ता स्वर्गातले एक विराट पांढरे अस्वल आहे असे मानते. शिकारी त्याला त्याच्या जोडीदारणीच्या आवाजाची नक्कल करून बाहेर काढतो आणि मारतो. कातडे शेवटी पॅरिसमधील एका शय्यागृहात गालिचा होऊन पडते. तत्कालीन राजकीय प्रचारकाव्याची ही थट्टा होय, हे सर्वश्रुत आहे. या वाचनात एक गोष्ट निसटते. आट्टा ट्रोल स्वातंत्र्याची भाषा बोलतो, पण ती भाषा त्याला नाचाइतकीच शिकवलेली आहे. जत्रेत मिळवलेल्या कौशल्याचा त्याला अरण्यातही अभिमान वाटतो. बव्हेरियाचा राजा पहिला लुडविग याच्या अडखळत्या शैलीचे विडंबन करणारा जो मृत्युलेख हाइने त्याच्यासाठी रचतो, त्यात तो त्याला ‘टेन्डेन्त्सबेअर’ म्हणतो : प्रवृत्तिवादी, पक्षपाती अस्वल. बव्हेरियाच्या सत्ताधीशाच्या तोंडी घातलेला हा सामासिक शब्द पुढे लागणार आहे.

खेळण्यातील अस्वलाची कथा सर्वपरिचित असल्याने तिचा उल्लेख पुरे. १९०२ मध्ये रिचर्ड श्टाइफने हातपाय हलणारे मऊ अस्वल घडवले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या शिकारीवरील व्यंगचित्राने अमेरिकेत ‘टेडी’ला जन्म दिला. खेळण्याने अस्वलाला कुशीत घेतले. मिठाईने त्यापुढचे पाऊल टाकले. ज्याचे नाव ‘भक्षक आला’ या भीतीने उच्चारले जात नव्हते, तो आता भक्ष्य झाला. ‘मध खाणारा’ स्वतः साखरेचा झाला. आरंभी ही गोळी बाभळीच्या जातीच्या झाडांच्या डिंकापासून बनत असे; पुढे जिलेटिन आले, म्हणजे डुकराच्या किंवा गुराच्या कातडी-हाडांचा अर्क. ग्रिमच्या अस्वलाप्रमाणे याही अस्वलाच्या आत कोणी दुसराच आहे. १९६० पासून ‘गोल्डबेरेन’, सोनेरी अस्वले, हे नाव रूढ झाले आणि १९७८ मध्ये आकार अधिक आटोपशीर, बसका करण्यात आला. इतिहासाला निसर्गाचे रूप देणे हे मिथकाचे कार्य होय, असे बार्थने म्हटले होते. येथे नाच आणि साखळी या दोहोंची स्मृती नावातून पुसली जाऊन सोने तेवढे उरले. मराठी मुलखात दरवेशी आणि त्याचे अस्वल १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतरही दीर्घकाळ रस्त्यावर दिसत असल्याने, येथल्या मध्यमवयीन वाचकाला ‘टान्त्सबेअर’ या शब्दातील साखळी अजून ऐकू येते. जर्मन मुलाला ती ऐकू येण्याचे कारण राहिले नाही.

अस्वलाचे नाव आणि अस्वलाचा आकार यांचा संबंध काय, हा चिन्हमीमांसेचा प्रश्न पुढे जर्मन न्यायालयांतही गेला. लिंट या चॉकलेट कंपनीने सोनेरी वेष्टनातले, गळ्यात तांबडी फीत बांधलेले चॉकलेटचे अस्वल विकायला काढले, तेव्हा हारिबोने ‘सोनेरी अस्वल’ या आपल्या शब्दचिन्हाचा भंग झाल्याची तक्रार केली. कोलोनच्या कनिष्ठ न्यायालयाने २०१२ मध्ये ती मान्य केली, वरिष्ठ न्यायालयाने २०१४ मध्ये फेटाळली आणि सप्टेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च स्तरावरील संघीय न्यायालयानेही लिंटच्या बाजूने निर्णय दिला. त्या वस्तूला पाहून ‘सोनेरी अस्वल’ हा एकच शब्द सुचेल असे नाही. ‘टेडी’ किंवा ‘चॉकलेटचे अस्वल’ही सुचेल, असा त्यामागील तर्क होता. चिन्हक आणि चिन्हित यांचे नाते यादृच्छिक असते, हे सोस्यूरचे प्रतिपादन न्यायाधीशांनी आपापल्या वाटेने गाठले असे म्हणावे लागते. दोन्ही बाजूंच्या युक्तिवादात कोणत्याही रानटी प्राण्याचा संबंध येण्याचे कारण नव्हते.

तो संबंध त्याआधीच, २००६ मध्ये, आला होता. इटलीतील त्रेन्तिनो प्रांतात स्लोव्हेनियाहून आणून सोडलेल्या अस्वलांचे एक पिल्लू आल्प्स ओलांडून मे महिन्यात बव्हेरियात आले. जर्मनीत रानटी अस्वल दिसण्याची १८३५ नंतरची ही पहिलीच वेळ. शास्त्रज्ञांनी आईबापांच्या नावांवरून त्याला ‘जेजे १’ ही खूण दिली होती. वृत्तपत्रांनी ‘ब्रूनो’ म्हटले. पुन्हा तपकिरीच. आरंभी त्याचे शासनाकडून स्वागत झाले. त्याने मेंढ्या मारल्या, खुराड्यांतल्या कोंबड्या मारल्या, मधमाश्यांच्या पेट्या फोडल्या, वस्तीला न भिता फिरत राहिला. तेव्हा बव्हेरियाचे मुख्यमंत्री एडमुंड श्टॉइबर यांनी सामान्य वागणारे अस्वल, उपद्रवी अस्वल आणि ‘प्रोब्लेमबेअर’, समस्या-अस्वल, अशी वर्गवारी जाहीर केली. हाइनेच्या ‘टेन्डेन्त्सबेअर’शी या शब्दाचे घडणीचे साम्य जर्मन वाचकाला जाणवल्यावाचून राहत नाही. एकात कवीने राजाची नक्कल केली होती. दुसऱ्यात नक्कल नव्हती. पण दोन्ही ठिकाणी अस्वलाच्या आधी एक विशेषण येऊन बसते आणि त्यानंतर गोळी सुटते.

‘सामान्य अस्वल’ या संकल्पनेत खरा पेच आहे. एकशे सत्तर वर्षे ज्या प्रदेशात अस्वल नव्हते, तेथे सामान्यतेचे प्रमाण कोठून आले? मेंढपाळाचे नुकसान खरे होते आणि माणसाच्या जिवाचा धोकाही काल्पनिक म्हणता येत नाही. त्याच आईच्या ‘जेजे ४’ या पुढच्या पिल्लाला एप्रिल २०२३ मध्ये त्रेन्तिनोत पकडावे लागले ते एका माणसाचा बळी गेल्यावर. परंतु ब्रूनोविषयी त्या उन्हाळ्यात जे लिहिले-बोलले गेले, त्यात दार ठोठावून परवानगी मागणारे ग्रिमचे अस्वल, ओझे वाहणारे कॉर्बिनियनचे अस्वल आणि पिशवीतले सोनेरी अस्वल यांच्या मापाने त्या दोन वर्षांच्या प्राण्याला जोखले जात होते. त्याच्यावर गाणी झाली, त्याची चित्रे विकली गेली. आणि क्लाइस्टच्या अस्वलाप्रमाणे त्याने या कल्पितांपैकी कशालाही प्रतिसाद दिला नाही. फिनलंडहून शिकारी व कुत्रे आणवून त्याला जिवंत पकडण्याचा प्रयत्न फसला. २६ जून २००६ रोजी त्याला गोळी घालण्यात आली.

पेंढा भरलेला ब्रूनो २००८ पासून म्युनिकच्या ‘मानव आणि निसर्ग’ संग्रहालयात ठेवला गेला. तेथे तो मेंढी मारताना दाखवलेला नाही. मधमाश्यांची पेटी फोडून मध खाताना दाखवलेला आहे.