सर्जाचा बाप कोण?

घोड्यांच्या जगात वंशावळ ही छापील गोष्ट आहे. इंग्लंडमध्ये थरोब्रेडची नोंदवही 1791 पासून आहे आणि आजच्या थरोब्रेड नरांपैकी 95 टक्क्यांहून जास्त नर बापाच्या बाजूने डार्ली अरेबियन या एकाच घोड्यापर्यंत पोचतात. हा घोडा 1704 मध्ये अलेप्पोहून आला होता.

आपल्या आटपाडीत घोड्याच्या जागी मेंढा आहे. माडग्याळ जात मूळची जत तालुक्यातल्या माडग्याळ गावची. पोपटासारखं बाकदार नाक, लांब कान, पांढऱ्यावर तपकिरी ठिपके. शेळी-मेंढी महामंडळाच्या 2003 च्या पाहणीत शुद्ध माडग्याळ मेंढ्या फक्त 5,319 भरल्या. पुढे 2020 मध्ये आटपाडीच्या 'सर्जा' मेंढ्याला 70 लाखांची मागणी आली. मालकाने दीड कोटी सांगितले आणि दिला नाही! विकायचा कशाला? त्याच्या कोकरांनाच पाच-दहा लाख मिळत होते.

माझी काळजी इथेच सुरू होते. किंमत नाकाला मिळते, म्हणून सगळे एकाच रक्ताच्या मागे. नर घरचा, माद्याही त्याच्याच लेकी, असं झालं की पिल्लात अंतःप्रजननाचा गुणांक थेट 25 टक्के. एक बाप, दोन आया असलेल्या सावत्र भावंडांचं पिल्लू झालं तरी 12.5. कमजोर कोकरं, मर, वांझपणा इथूनच वाढतात.

थरोब्रेडवाल्यांना हे वहीत बघता येतं. इथली वही म्हाताऱ्या मेंढपाळांच्या डोक्यात आहे. यात्रेत मेंढा बघायला गेलात तर वजन, नाक नंतर. आधी विचारा, याचा बाप कोण, आणि आई कुणाच्या कळपातली?