सार्वजनिक स्मशानभूमी : इतिहास आणि व्यवस्था

ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत विद्यार्थ्यांचे सत्कार, वधूवरांची माहिती आणि देणगीदारांची नामावली यांच्या शेजारी स्मशानाचा विषय यावा, हे काही वाचकांस अशुभ वाटेल. तथापि ज्या जागी प्रत्येक कुटुंबास केव्हा ना केव्हा जावेच लागते, त्या जागेची व्यवस्था कोणी पाहावयाची याचा विचार बऱ्या दिवसांतच केलेला बरा. प्रसंग ओढवल्यावर तो करण्याचे भान कोणासही राहत नाही. शिवाय ‘आपल्या समाजासाठी निराळी स्मशानशेड बांधावी’ असा विचार आपल्यापैकी काही बांधवांच्या मनात वरचेवर येत असतो. त्यांचा हेतू चांगला आहे, यात शंका नाही. परंतु इतिहासाचा ओघ कोणत्या दिशेने गेला, हे त्यांनी एकदा पाहावे.

पुणे-सातारा मार्गावरील आमच्या कामथडीच्या बाजूस काय, किंवा भोर-वेल्ह्याच्या आतील खोऱ्यांत काय, जुन्या काळी स्मशान म्हणजे बांधलेली वास्तू नव्हे; ओढ्याकाठचा अथवा नदीकाठचा एक तुकडा. त्यास भिंत नाही, छप्पर नाही आणि म्हटले तर धनीही नाही. भावकीने लाकडे गोळा करावयाची, सरण रचावयाचे आणि तिसऱ्या दिवशी राख सावडून निघून यावयाचे, एवढीच व्यवस्था. महाराष्ट्रात गावोगाव निरनिराळ्या समाजांच्या जागा निरनिराळ्या असत. मयताची वार्ता परगावी पोहोचविणे, सरणाची लाकडे वाहणे ही कामे ज्या महार बांधवांवर वतनाच्या नावाखाली लादलेली होती, त्यांना स्वतःचा मृत मात्र इतरांच्या जागी नेता येत नसे. ही कनिष्ठ गावकामगार वतने मुंबई राज्याच्या १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. जागांचा भेद मात्र कायद्याच्या कागदाइतक्या लवकर मिटला नाही.

पावसाळ्यात या उघड्या जागांची जी दैना होई, ती सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांस सांगावयास नको. आषाढात चार-चार दिवस पाऊस उघडत नाही. अशा वेळी माणसे सरणावर पत्रे धरून उभी राहत. ओले लाकूड धुमसे, राॅकेल संपे, ओढ्याला पाणी चढे. वडिलांचे दहन अर्धवट सोडून मुलाने घरी परतावे, याहून मोठे दुःख कोणते? ते दुःख कोणत्याही एका ज्ञातीचे नव्हते.

स्मशानाची व्यवस्था हा सरकारी विषय प्रथम झाला तो मुंबई शहरात. गेल्याच्या मागील शतकाच्या मध्यास सोनापूर येथील हिंदूंची स्मशानभूमी हलवून शिवडीस न्यावी, असे सरकारच्या मनात आले. नाना शंकरशेट (१८०३–१८६५) यांनी त्यास विरोध केला आणि सोनापूरची जागा राखली. नाना स्वतः धनाढ्य होते. त्यांच्या घरच्या मंडळींस शिवडी दूर पडली नसती. परंतु गिरगाव-भुलेश्वराच्या चाळींतील गरिबास प्रेत खांद्यावरून तेथवर नेणे कसे साधावे? आरोग्य पाहण्याचा अधिकार सरकारचा खरा, पण जागा ठरविताना खांदा देणाऱ्यांस विचारले पाहिजे, ही गोष्ट त्या लढ्याने कायमची रुजविली असे मला वाटते. पुढे मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्याने दहन-दफनाच्या जागांची नोंद ठेवणे आणि त्या अपुऱ्या पडल्यास नव्या उपलब्ध करणे हे नगरसंस्थेचे काम ठरले.

याच सुमारास युरोपात उलटा प्रवाह सुरू झाला होता, आणि त्यात एका मराठी राजाचे नाव गुंतलेले आहे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतत असता ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी वारले. वय अवघे वीस वर्षांचे. तेथे दहनाची चाल नव्हती. नगराधिकाऱ्यांनी खास परवानगी दिल्यावर आर्नो नदीच्या काठी, मुग्नोने नदीच्या संगमाजवळ, हिंदू पद्धतीने त्यांचे दहन झाले. त्या जागी उभारलेले त्यांचे स्मारक आजही आहे. पुढे सहाच वर्षांत, १८७६ साली, त्याच देशातील मिलान शहरात दहनगृह सुरू झाले आणि १८८५ मध्ये इंग्लंडात वोकिंग येथे. त्या मंडळींस दहन नवे होते. त्यामुळे धूर कमी कसा होईल, इंधन किती लागेल, हवा कोठून घ्यावयाची, हे प्रश्न त्यांनी प्रथमपासून विचारले. आपल्याकडे हजारो वर्षांची रीत असून हे प्रश्न फारसे कोणी विचारले नाहीत.

आता आपल्या विषयास अगदी लागून असलेले उदाहरण. भागोजीशेट कीर हे रत्नागिरीकडून मुंबईस आलेले, गरिबीतून वर चढलेले बांधकामाचे कंत्राटदार, भंडारी समाजातील. रत्नागिरीचे पतितपावन मंदिर त्यांनीच १९३१ साली सर्व हिंदूंसाठी बांधून दिले. दादरला समुद्रकाठी स्मशानभूमी उभी राहिली तीही त्यांच्याच दातृत्वाने. मनात आणते तर ती ते केवळ स्वज्ञातीसाठी राखून ठेवू शकले असते. त्यांनी ती सर्वांस खुली केली. परिणाम असा की ती जागा आज महापालिकेच्या व्यवस्थेत आहे, रोज वापरात आहे, आणि शिवाजी पार्कच्या परिसरात कोणासही विचारा, ‘भागोजी कीर स्मशानभूमी’ हेच नाव सांगतील. ज्ञातीचे नाव राखावयाचे तर यापेक्षा उत्तम रीत मला ठाऊक नाही.

विद्युतदाहिनीही मुंबईत लवकर आली. सावरकर २६ फेब्रुवारी १९६६ रोजी वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार चंदनवाडीच्या विद्युतदाहिनीतच त्यांचे दहन झाले. पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या नदीकाठी होणारे दहन पुढे वैकुंठ स्मशानभूमीत गेले, आणि तेथे लाकडाबरोबर विजेच्या व वायूच्या दाहिन्या आल्या.

खेड्यांसाठी कायदा तयार आहे. अस्पृश्यतेविरुद्धच्या १९५५ च्या कायद्यात पाणवठा आणि घाट यांच्या जोडीने स्मशानभूमीचा स्पष्ट उल्लेख आहे. तेथे कोणासही अस्पृश्यतेच्या कारणाने अडविणे हा गुन्हा होय. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने दहन-दफनाच्या जागांची देखभाल पंचायतीकडे दिली. १९६६ च्या जमीन महसूल संहितेने स्मशानासाठी सरकारी जमीन नेमून देण्याची सोय केली, आणि १९६९ च्या कायद्याने मृत्यूची नोंद सक्तीची झाली. ती २१ दिवसांत पंचायतीच्या दप्तरी करावयाची असते. बांधकामासाठी शासनाचे जनसुविधा अनुदानही मिळते. यास्तव शेडा पुष्कळ उभ्या राहिल्या. पंचाईत होते ती त्यानंतर.

कारण शेड बांधणे एका वर्षाचे काम, राखणे दरवर्षीचे. सरणाची ज्वाला उंच जाते. छप्पर ठेंगणे असेल तर पत्रे तापून गंजतात आणि थोड्याच वर्षांत आभाळ दिसू लागते. लोखंडी दाहिनीची जाळी जमिनीपासून उंच असते ती खालून हवा मिळावी म्हणून. तिच्याखाली राख साचू दिली की ज्वाळा मंदावते आणि लाकूड अधिक लागते. उघड्या सरणास तीन-चारशे किलो लाकूड सहज जाते. दिल्लीच्या मोक्षदा संस्थेने १९९२ पासून जी सुधारलेली दाहिनी प्रचारात आणली, तिच्यात जाळी, बाजूचे पत्रे आणि धुराडे यांच्या योगाने दीडशे ते दोनशे किलोंत काम भागते. आपल्यासारख्या गावांस हीच योग्य. विद्युतदाहिनीचा आग्रह धरणाऱ्यांस एवढेच सांगतो की तिची भट्टी तापावयास तासचे तास लागतात आणि ती वारंवार थंड-गरम केल्याने आतील विटा तडकतात. रोज दहन होणाऱ्या शहरास ती परवडेल, महिन्यास एखादा मृत्यू होणाऱ्या गावास नव्हे. शिवाय आमच्या भागात वीज नेमकी पावसातच जाते!

कोरडे लाकूड हा सर्वांत साधा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. वैशाखात फोडून, जमिनीपासून वीतभर उंच रचून, तिन्ही बाजूंनी बंद खोलीत ठेवलेले लाकूड आश्विनापर्यंत पुरते. याला अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. आपल्या संस्थेने निराळ्या शेडेसाठी जी रक्कम जमविण्याचे योजिले असेल, ती पंचायतीच्या ठरावाने गावच्या एकाच स्मशानभूमीतील लाकूडखोली, पाण्याची टाकी आणि दिवा यांसाठी द्यावी; खोलीवर पाटी लावावयाची असल्यास ‘सर्वांसाठी’ एवढा शब्द तीवर अवश्य घालावा. दरसाल अक्षय्य तृतीयेच्या सुमारास दोन जबाबदार माणसांनी जाऊन पत्रे, जाळी आणि लाकूड पाहून यावे व त्याचा जमाखर्च पुढील स्मरणिकेत छापावा. पहिल्या वर्षाचे लाकूड फोडून घेण्याची मजुरी मी देण्यास तयार आहे, तसे कार्यकारी मंडळास कळविलेही आहे.