संगणकांचें माजघर

आमचे जुने वाडे बांधणाऱ्या सुतार-गवंड्यांनीं समाजशास्त्राचा एकही ग्रंथ वाचला नव्हता. तरी पण ओटी कोणासाठीं आणि माजघर कोणासाठीं, हें त्यांस पक्कें ठाऊक होतें. आलागेला ओटीवर बसे, जिव्हाळ्याचा माणूस आंत येई, आणि फडताळांतील कागदपत्रें घरच्या माणसांवांचून कोणाच्या दृष्टीस पडत नसत. आज तीं कागदपत्रें, मुलांचीं छायाचित्रें, वडिलांच्या औषधांच्या चिठ्ठ्या आणि जमाखर्चाच्या वह्या संगणकांत जाऊन बसल्या आहेत. त्या संगणकास माजघर आहे कीं नाहीं, याचा विचार मात्र थोड्याच घरांत होतो. घरांतील दोनचार संगणक एकमेकांशीं जोडावे, पण त्यांचा इंटरनेटशीं संबंध येऊं देऊं नये, अशी व्यवस्था ठेवणारे लोक आजही आहेत, आणि त्यांस विक्षिप्त म्हणणारेही आहेत. या चालीमागें जो इतिहास आहे तो पाहिला म्हणजे विक्षिप्तपणा कोणाचा, याचा निर्णय वाचकांस स्वतःच करतां येईल.

प्रथम हें लक्षांत ठेविलें पाहिजे कीं, स्थानिक जाळें आणि इंटरनेट हीं एकाच पोटची भावंडें नव्हत. इंटरनेटचा पूर्वज जो अर्पानेट, तो अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशानें उभा राहिला. २९ ऑक्टोबर १९६९ रोजीं लॉस एंजेलिसच्या विद्यापीठांतून स्टॅनफर्डच्या संशोधनसंस्थेकडे त्याचा पहिला संदेश गेला. दूरदूरचे संगणक जोडणें हा त्याचा हेतु. उलटपक्षीं, कॅलिफोर्नियांतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रांत रॉबर्ट मेटकाफ यांनीं २२ मे १९७३ रोजीं जें टिपण लिहिलें, आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या साह्यानें जें प्रत्यक्षांत उतरविलें, त्या ईथरनेटचा हेतु एकाच इमारतींतील यंत्रें एकमेकांशीं आणि छपाईयंत्राशीं जोडण्याचा होता. एकास कोसोगणती दूरचा सोबती हवा होता, दुसऱ्यास भिंतीपलीकडचा शेजारी पुरे होता.

ईथरनेट पुढें कचेऱ्यांतून घरांत आलें, तेव्हांही हा भेद कायम राहिला. १९९२ सालीं मायक्रोसॉफ्टनें छोट्या गटांसाठीं विंडोजची जी आवृत्ति काढली, तिच्यांतील यंत्रें ‘नेटब्युई’ नांवाच्या भाषेंत बोलत. या भाषेंत गल्लीबाहेरचा पत्ता लिहिण्याची सोयच नव्हती! शेजारच्या खोलींतील यंत्रास नांवानें हांक मारावी, त्यानें ओ द्यावी, एवढाच तिचा व्यवहार. दाराला कुलूप कोणतें लावावें हा प्रश्नच नव्हता, कारण भिंतीस दार नव्हतें. आमच्या देशांत विदेश संचार निगमनें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं इंटरनेट सर्वसाधारण जनतेस खुलें केलें, तेव्हांही तें दूरध्वनीच्या तारेवरून, घटकाभर, बिलाकडे डोळा ठेवून वापरण्याची वस्तु होती. तार सुटली कीं घर पुन्हां आपल्यापुरतें होई. इंटरनेट हें जाऊन येण्याचें ठिकाण होतें; राहण्याचें नव्हतें.

ही स्थिति पालटली ती एका भाषेच्या दिग्विजयामुळें. १ जानेवारी १९८३ रोजीं अर्पानेटनें जी ‘टीसीपी-आयपी’ भाषा स्वीकारली, ती पुढें सर्व जगाची झाली, आणि मागाहून घरांतील यंत्रांचीही झाली. २००१ सालच्या विंडोज एक्सपीनें तर नेटब्युईचा आश्रय अधिकृतपणें काढून घेतला. घरांत आणि बाजारांत एकच भाषा चालूं लागली, ही मोठी सोय खरी. पण जी आज्ञा मुलाच्या यंत्रानें वडिलांच्या यंत्रास द्यावयाची, तीच आतां सातासमुद्रांपलीकडचा चोरही देऊं शकूं लागला. या संकटाची सूचना पूर्वींच मिळालेली होती. २ नोव्हेंबर १९८८ रोजीं रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्यानें सोडलेल्या ‘किड्या’नें सुमारें ६,००० यंत्रें पंगु केलीं, असा त्या काळचा अंदाज आहे. ऑगस्ट २००३ मध्यें ‘ब्लास्टर’ नांवाचा किडा घराघरांत शिरला. त्यास कोणी पत्र उघडावें लागलें नाहीं. यंत्र इंटरनेटला जोडलेलें असणें एवढेंच त्यास पुरेसें होतें. पुढच्याच वर्षीं, ऑगस्ट २००४ मध्यें, मायक्रोसॉफ्टनें आपल्या यंत्रांतील संरक्षक भिंत मुळांतच चालू ठेवण्यास आरंभ केला.

या मधल्या काळांत घरास एक दुसरी भिंत लाभली होती. परंतु ती संरक्षणासाठीं बांधलेली नव्हती, टंचाईंतून उभी राहिली होती. इंटरनेटवरील पत्ता ३२ बिटांचा असल्यामुळें एकूण पत्ते सुमारें ४२९ कोटींहून अधिक होऊंच शकत नाहींत, आणि ते संपणार हें १९९० नंतर स्पष्ट दिसूं लागलें. तेव्हां मार्च १९९४ मध्यें, इंटरनेटचे नियम ज्या क्रमांकित टिपणांतून प्रसिद्ध होतात त्यांपैकीं १५९७ व्या टिपणांत, एक सूचना आली: ज्या यंत्रांस बाहेरच्या जगाशीं कांहींच काम नाहीं, त्यांस जगांत एकमेव असा पत्ता हवा कशाला? त्यांच्यासाठीं कांहीं क्रमांक राखून ठेवावे. ते ज्यानें त्यानें आपल्या आवारांत वापरावे, आणि बाहेर त्यांस अर्थ नसावा. उदाहरणें दिलीं होतीं तीं विमानतळावरील वेळापत्रकाच्या फलकांचीं आणि दुकानांतील गल्ल्याच्या यंत्रांचीं. राखलेल्या क्रमांकांत १० या अंकानें सुरू होणारे १,६७,७७,२१६ पत्ते होते. हा १० चा अंक पूर्वीं खुद्द अर्पानेटचा होता. अर्पानेट १९९० सालीं बंद पडला, आणि ज्यानें जग जोडण्यास आरंभ केला त्याचा अंक जगाशीं न जोडलेल्यांच्या वांट्यास आला. दैवगति म्हणतात ती हीच!

या सूचनेस विरोधही झाला. जुलै १९९४ च्या १६२७ व्या टिपणांत एलियट लिअर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आक्षेप घेतला कीं, प्रत्येक पत्ता एकमेव असणें हा इंटरनेटचा पाया असून, तोच यानें ढासळेल. परंतु फेब्रुवारी १९९६ मध्यें हा नियम १९१८ व्या टिपणाच्या रूपानें कायम झाला, तेव्हां त्याच्या कर्त्यांत लिअर यांचेंही नांव होतें. दरम्यान मे १९९४ मध्यें एगेवांग व फ्रान्सिस यांनीं अनेक खाजगी पत्त्यांस एका सार्वजनिक पत्त्याआड बाहेर नेण्याची युक्ति मांडली. कर्त्यांनीं तिला तात्पुरता उपाय म्हटलें होतें; आज घरोघरच्या राऊटरांत तोच उपाय ठाण मांडून बसला आहे. परका आगंतुक आंतल्या यंत्राचा पत्ता जाणत नाहीं, म्हणून दारावरूनच परततो. पण या भिंतीचें एक वैगुण्य आहे: बाहेरून कडी असली तरी आंतून वाट मोकळी आहे. दूरदर्शनचा संच किंवा दारावरचा कॅमेरा आपल्या मालकाविषयीं बाहेर काय सांगतो, हें ती अडवीत नाहीं.

शिवाय ही भिंत ज्या टंचाईवर उभी आहे, ती टंचाईच आतां ओसरत आहे. डिसेंबर १९९५ मध्यें जाहीर झालेल्या नव्या पद्धतींत पत्ता १२८ बिटांचा आहे. त्या पद्धतींत राऊटरची हांक ऐकून यंत्र स्वतःच आपला सार्वजनिक पत्ता ठरवूं शकतें आणि बाहेरची वाटही शोधतें. बहुतेक राऊटर अनाहूतास अजून अडवितात. परंतु तें अडविणें आतां पत्त्यांच्या स्वरूपांतून येत नाहीं, कोणीतरी केलेल्या नियमांतून येतें.

माजघर राखावयाचें तर त्याच्या रीति सोप्या आहेत. सर्वांत भक्कम रीत ही कीं, त्या यंत्रांच्या तारा एका साध्या स्विचमध्यें घालाव्या आणि तो स्विच राऊटरला जोडूं नये. दुसरी रीत, यंत्रास खाजगी पत्ता द्यावा, पण बाहेरच्या दाराचा पत्ता मुळीं सांगूंच नये, आणि नवी पद्धत बंद ठेवावी. नाहींतर तें दार यंत्र आपणच शोधील. तिसरी, राऊटरलाच त्या यंत्रांची वाट रोखण्यास सांगावें. मात्र एखादें यंत्र दोन्ही जाळ्यांत पाय ठेवून उभें असेल, तर तीच दिंडी समजावी.

एवढ्यानें निर्धास्त व्हावें असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. २०१० सालीं उघडकीस आलेला ‘स्टक्सनेट’ खिशांत मावणाऱ्या यूएसबी साधनांवरून, इंटरनेटशीं न जोडलेल्या यंत्रांतही शिरूं शकत असे. मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ एका यंत्रांतून त्याच जाळ्यांतील दुसऱ्यांत पसरत गेला. त्यावरील दुरुस्ती मार्चमध्येंच निघाली होती, पण ती ज्यांनीं बसविली नव्हती त्यांस ती असून नसल्यासारखी होती. बाहेरच्या जगापासून दूर ठेविलेल्या यंत्रास अशा दुरुस्त्या आपोआप मिळत नाहींत. त्या कोणीतरी आठवणीनें आणून बसवाव्या लागतात. एकांताचें मोल असें पडतें, आणि तें देण्याची तयारी नसेल तर माजघराच्या गोष्टी न केलेल्या बऱ्या.

तात्पर्य, घरच्या संगणकास आजवर जो एकांत लाभला, तो पहिल्यानें भाषेच्या अपुरेपणामुळें आणि मागाहून पत्त्यांच्या तुटवड्यामुळें. दोन्ही वेळीं तो आपण मागितला नव्हता; आयता मिळाला होता. यापुढें तो मिळेल तर घरच्या कर्त्या माणसानें मनावर घेतल्यानेंच मिळेल. विमानतळावरच्या फलकाविषयीं १९९४ सालीं जो प्रश्न विचारला गेला, कीं याचें बाहेर कांहीं काम आहे काय, तोच आपल्या घरांतील एकेका यंत्रापुढें उभें राहून आपण विचारावा. पुष्कळांचें उत्तर ‘आहे’ असें येईल, आणि तीं खुशाल ओटीवर राहोत. ज्यांचें उत्तर ‘नाहीं’ असें येईल, त्यांची तार काढून घेण्यास फार तर एक घटका लागते.